लघुप्रतिकृती, युद्धपूर्व शर्यती मोटारीची
दुसऱ्या महायुद्धाआधीच्या शर्यती मोटारीची प्रमाणबद्ध छोटी आवृत्ती. १:२४ आणि १:१८ ही प्रमाणे रूढ; कसब पणाला लागते ते १:८ मध्ये. इटलीच्या पोचर कंपनीचा अल्फा रोमिओ ८सी २३०० मोंझाचा (१९३१) संच याच प्रमाणातला. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या आसांतील २.६५ मीटर अंतर त्यात सुमारे ३३ सेंमी. होते. चाकाची प्रत्येक तार हाताने ओवायची. ताण असमान राहिला तर चाक डगमगते. रंग इटालियन शर्यतींचा लाल, पण थर पातळ हवा, नाहीतर बारीक रिव्हेट बुजतात.

खरी परीक्षा इंजिनाची. मूळ गाडीचे अभियंते व्हित्तोरिओ यानो यांनी आठ सिलिंडरांचे चार-चारचे दोन ठोकळे केले आणि दोन्ही कॅमशाफ्ट फिरवणारे गिअर मधोमध बसवले. ही रचना बॉनेटखाली झाकली जाते, तरी ती चुकवू नये. कॅमशाफ्ट झडपांची उघडझाप ठरवतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या सोबतीने, १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनी आजच्या मोटारींसाठी हाच भाग बनवते.