गारव्याचे राखणदार : वाळ्याच्या ताटीपासून संगणकापर्यंत

थाटीपुरात मे महिन्यात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. पण भाद्रपद लागला, बाप्पा मखरात बसले, की तोच कूलर रुसतो. हवा आधीच दमट असते. भिजलेल्या गवतातले पाणी उडत नाही, आणि पाणी उडाले नाही तर गारवा कुठून येणार? अशाच एका घामाघूम आरतीनंतर एका आजोबांनी आम्हाला विचारले, "तुम्ही सरकारी खात्यात विजेची कामे बघता. मोठ्या इमारतीतल्या एसीला कोणत्या खोलीत किती गार करायचे हे कळते कसे हो?" प्रसादाच्या रांगेत आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. राहिलेले उत्तर इथे देत आहोत.

सुरुवात आपल्या किल्ल्यापासूनच करू. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) यांच्या मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत. जाड दगड, वर माती, आणि हवा खेळावी म्हणून काढलेले मार्ग. बाहेर लू वाहत असली तरी आत जीव थंडावतो. पण तिथला गारवा असेल तेवढाच. तो कमी-जास्त करणारा कोणी नाही.

कमी-जास्त करण्याची सोय वाळ्याच्या ताट्यांनी आणली. आपण ग्वाल्हेरकर त्यांना खसच्या टट्ट्या म्हणतो. अकबराच्या काळातल्या अशा वाळ्याच्या खोल्यांचे वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केले आहे. या अबुल फजलची कबर आपल्या जवळच, आंतरीला आहे. पुढे वाडे, बंगले, कचेऱ्या, सगळीकडे ताट्या लागल्या आणि त्यांच्याबरोबर भिश्ती आला. ताटी सुकली का ते बघायचे, किती पाणी लागेल ते ठरवायचे आणि पखाल रिती करायची. बघणे, ठरवणे आणि करणे. नियंत्रणाचे सारे शास्त्र या तीन शब्दांत आहे. आजचा संगणकही याहून वेगळे चौथे काम करत नाही.

हीच गोष्ट थंड देशात उलट्या बाजूने घडली. तिथे प्रश्न उबेचा होता. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. त्यांच्या शाळेचा शिपाई वर्गावर्गात शिरून तापमान बघे आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवी. शिकवण्यात सारखा व्यत्यय येई. जॉन्सन यांनी वर्गात असे विजेचे उपकरण बसवले की तापमान बदलले की तळघरात घंटी वाजावी. त्याचे पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळाले. म्हणजे 'बघणे' यंत्राकडे गेले, झडप हलवणे मात्र शिपायाकडेच राहिले. पुढे तांब्याच्या बारीक नळ्यांतून दाबलेली हवा सोडून तिच्या जोरावर झडपा हलवण्याची पद्धत आली, आणि शिपायाचा हातही सुटला. मोठ्या इमारतींत ही हवेची नियंत्रणे अनेक दशके टिकली.

आपल्याकडे वातानुकूलनाची ओळख सर्वसामान्यांना प्रथम सिनेमागृहांनी करून दिली. मुंबईचे रीगल १९३३ मध्ये सुरू झाले तेच वातानुकूलित. आम्ही तंत्रनिकेतनात डिप्लोमा करत होतो तेव्हा प्रयोगशाळेत दोन धातूंची जोडपट्टी होती. तापली की वाकायची आणि स्विच बंद करायची. चालू किंवा बंद, अधलेमधले काही नाही.

१९७१ मध्ये एका चिपवर मावणारा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, आणि १९८० च्या दशकात इमारतींचा कारभार अंकांवर चालू लागला. याला डीडीसी, म्हणजे थेट अंकीय नियंत्रण म्हणतात. भिंतीवरच्या सेन्सरचा विद्युत रोध तापमानाप्रमाणे बदलतो. नियंत्रक त्याचा आकडा बनवतो, समजा २६. हवे आहेत २४. फरक दोनचा. त्या फरकाच्या मानाने तो थंड पाण्याची झडप थोडी उघडतो, पुन्हा आकडा बघतो, पुन्हा झडप हलवतो.

ग्वाल्हेर घराण्याच्या गावात हे समजावणे सोपे आहे. तंबोरा कसा लावतात? कान ऐकतो, मन ठरवते, हात खुंटी पिळतो. स्वर लांब असेल तर खुंटी जास्त फिरवायची, जवळ आला की हलकेच. घाई केली तर स्वर चढतो आणि मग उतरवत बसावे लागते. डीडीसीचा प्रोग्राम हेच करतो, आणि थोडी कसर बराच वेळ उरली तर तीही लक्षात ठेवून भरून काढतो.

यात पैशांचीही गोष्ट आहे. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळजवळ निम्मीच लागते. कारण ती वेगाच्या तिसऱ्या घाताने घटते. गरजेपुरताच पंखा फिरवणे अंकीय नियंत्रणाला सहज जमते.

अडचण भाषेची होती. एका कंपनीचा नियंत्रक दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेना. अमेरिकेतल्या 'अ‍ॅशरे' या अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये त्यासाठी समिती नेमली, आणि १९९५ मध्ये 'बॅकनेट' ही सामाईक भाषा मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात (नाव सांगत नाही) ऐन जूनमध्ये लोक स्वेटर घालून बसत. पडद्यावर मात्र २७ अंश दिसत. तक्रारी झाल्या, आणि यंत्र चालवणाऱ्या कंत्राटी मुलाचा हलगर्जीपणा असा शेरा तयार झाला. त्यावर आमचीही सही होती. मुलगा एवढेच म्हणाला, "साहेब, मी कशाला हातच लावलेला नाही." दुसऱ्या दिवशी साधा तापमापक घेऊन आम्ही गेलो. खोलीत २१ होते. सेन्सर ज्या भिंतीवर होता तिच्याखाली चहाची विजेची किटली दिवसभर चालू असे. यंत्र प्रामाणिकपणे किटलीचे तापमान मोजत होते आणि साऱ्या खोलीला शिक्षा देत होते. आम्ही शेरा मागे घेतला, किटली हलवली. पण त्या मुलाचे आठ दिवसांचे पैसे तोवर कापले गेले होते, ते परत मिळवायला तीन महिने लागले. पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी खोलीत जाऊन उभे राहावे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. भिश्तीला ते कोणी शिकवावे लागले नव्हते. तो ताटीला हात लावूनच बघत असे.

घरच्यासाठी दोन गोष्टी. रिमोटवर १८ केले की खोली लवकर गार होते, हा भ्रम आहे. साधा एसी त्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच येतात, तसा केंद्राचा नियम आहे. एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. घरातल्या वृद्धांनाही ते सोसते. आणि कूलरची खिडकी उघडी ठेवा, एसीची बंद. आपल्याकडे नेमके उलटे होते.

आजोबा, बाप्पांचे कान सुपाएवढे आहेत ते उगाच नाहीत. आधी नीट ऐकायचे, मग ठरवायचे, मग करायचे. यंत्राला हे शिकवायला शंभर वर्षे लागली. आपण माणसांनी ते विसरू नये, एवढीच यंदा त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!