आयसीयूतील ‘हाय-अलर्ट’ औषधे: काळजी कशी घेतली जाते आणि नातेवाइकांनी काय करावे?

आयसीयूतील रुग्णाच्या खाटेशेजारी दोन-चार सिरिंज पंप चालू असतात आणि सिस्टर सतत काही ना काही देत, लिहीत असतात. “एवढी औषधे चालू आहेत, त्यात काही चूक झाली तर?” हा प्रश्न बहुतेक नातेवाइकांच्या मनात येतो, पण विचारायचा संकोच वाटतो. हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याची माहिती घेऊया.

हाय-अलर्ट औषधे म्हणजे काय?

या औषधांत चुका जास्त होतात असे नाही. पण चूक झालीच, तर रुग्णाला गंभीर इजा होण्याची शक्यता इतर औषधांपेक्षा जास्त असते. आयसीयूत नेहमी लागणारी अशी काही औषधे:

- पोटॅशियम क्लोराइड: रक्तातील पोटॅशियम कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ते द्यावे लागते. मात्र अँप्यूलमधील औषध पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे ते नेहमी सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिले जाते.
- इन्सुलिन: डोस जास्त झाला तर साखर एकदम खाली येते. गुंगीत असलेला रुग्ण घाम, थरथर किंवा भूक सांगू शकत नाही, म्हणून साखर वारंवार तपासतात.
- हेपॅरिन: रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात. जास्त झाले तर रक्तस्राव होतो.
- नॉरअ‍ॅड्रेनॅलिन: खाली गेलेला रक्तदाब सावरते. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पंप थोडा वेळ बंद पडला तरी रक्तदाब कोसळू शकतो.
- मॉर्फिन, फेंटानिल, मिडाझोलाम: वेदना कमी करतात, झोप आणतात. जास्त झाल्यास श्वास मंदावतो.

चूक कुठे होऊ शकते?

काही अँप्यूल दिसायला सारख्या असतात. डोपामिन आणि डोब्युटामिन यांसारखी नावे ऐकायला जवळची वाटतात. पंपाचा दर टाकताना दशांश चिन्ह निसटले, तर ५.० चे ५० होतात. शिफ्ट बदलताना निरोप अर्धवट राहणे, औषध भरताना कोणीतरी मध्येच बोलावणे, एका सिस्टरकडे जास्त रुग्ण असणे, हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. म्हणजे प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या निष्काळजीपणाचा नसतो. पद्धत पक्की असावी लागते.

चांगल्या आयसीयूत काय केले जाते?

- तीव्र पोटॅशियमच्या अँप्यूल इतर औषधांपासून वेगळ्या, ठळक लेबल लावून ठेवतात.
- औषध देण्यापूर्वी दोन सिस्टर स्वतंत्रपणे तपासतात: रुग्ण, औषध, डोस, मार्ग आणि वेळ. दुसरीने पहिलीचे उत्तर न पाहता हिशेब करायचा असतो. नुसती सही करणे म्हणजे तपासणी नव्हे.
- प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव, प्रमाण आणि भरल्याची वेळ लिहिलेली असते.
- तोंडी सांगितलेली ऑर्डर मोठ्याने परत म्हणून खात्री केली जाते.
- शिफ्ट बदलताना दोन्ही सिस्टर खाटेजवळ उभ्या राहून पंपाचे दर जुळवून पाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येणारी इजा कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. रुग्ण आणि कुटुंबीयांचा सहभाग हा तिचाच एक भाग आहे.

तुम्ही काय करू शकता?

1. घरी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक औषधे, काढे हेही सांगा.
2. कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी, किडनी किंवा लिव्हरचा आजार आणि रुग्णाचे शेवटचे माहीत असलेले वजन सांगा. बरेच डोस वजनावर ठरतात.
3. औषधे मेडिकलमधून आणायला सांगितली, तर चिठ्ठीवरचे नाव आणि ताकद जुळवून पाहा. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळते, आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. दुकानदाराने बदलून काही दिले, तर सिस्टरना आधी दाखवा.
4. सिस्टर औषध भरत असताना किंवा पंप लावत असताना मध्येच बोलू नका. दोन मिनिटे थांबा.
5. पंप वाजला तर बटण दाबून बंद करू नका, सिस्टरना बोलवा. नळ्या हलवू नका.
6. विचारल्याशिवाय घरचे काही खाऊ-पिऊ घालू नका.

“सिस्टर, हे कोणते औषध आहे? कशासाठी?” असे शांतपणे विचारणे तुमचा हक्क आहे.

लगेच कोणाला सांगावे?

रुग्ण अचानक खूप घामाघूम झाला, उठवूनही उठेना, श्वास मंद वाटला, हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून रक्त येऊ लागले, सलाइनच्या जागी सूज आली किंवा आग होऊ लागली, तर भेटीची वेळ संपायची वाट पाहू नका. लगेच सिस्टर किंवा ड्यूटी डॉक्टरांना सांगा. साखर फार कमी झाली तर ग्लुकोज, मॉर्फिनसाठी नॅलोक्सोन, हेपॅरिनसाठी प्रोटामिन असे उपाय आहेत. पण ते वेळेवर दिले तरच उपयोगी पडतात.

या औषधांना घाबरून ती नाकारू नका. त्यांच्यामुळेच अनेक अत्यवस्थ रुग्ण वाचतात. शंका असेल तर औषध बंद करण्याचा आग्रह धरण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला.