कॉर्न्युदेची शीळ

मोपासाँच्या 'बूल द स्युइफ' (१८८०) या कथेला १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाची पार्श्वभूमी आहे. सहप्रवासी स्वार्थापोटी नायिकेला प्रशियन अधिकाऱ्याच्या स्वाधीन होण्यास भाग पाडतात. उमराव, व्यापारी, जोगिणी यांची दांभिकता उघडच आहे; प्रजासत्ताकवादी कॉर्न्युदेची अधिक सूक्ष्म. तो कटात सामील होत नाही, विरोधही करीत नाही. कृत्य घडू लागल्यावरच त्याला नीच म्हणतो. पूर्वी तिच्याच टोपलीतले अन्न खाल्लेला हा गृहस्थ ती उपाशी रडत असता आपली अंडी एकटाच संपवतो आणि 'मार्सेयेज'ची शीळ घालतो. ती शीळ इतरांना डिवचते. तिला धीर देत नाही. १८७९मध्ये या क्रांतिगीताला पुन्हा राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला होता. म्हणूनच कथेतील उपरोध पराभूत साम्राज्यापाशी थांबत नाही. नव्या प्रजासत्ताकाच्या नैतिक भाषेलाही तो जाऊन भिडतो.