मालमोटारीची नाडीपरीक्षा

पुणें-नाशिक रस्त्यानें चाकणकडे जातांना मालमोटारींची अखंड रांग आपणांस दिसते. त्यांतील नव्या गाडीचें इंजिन आपली प्रकृति आपणच तपासीत असतें. हें सामर्थ्य त्याला कसें आलें, व त्यामुळें मिस्त्रीचें काम संपलें काय, याचा आज विचार करूं.

पुढें टाटा मोटर्स हें नांव पावलेल्या टेल्को कंपनीनें पिंपरी-चिंचवड परिसरांत १९६६ सालीं कारखाना काढला. येथें घडलेली ४०७ ही हलकी मालमोटार १९८६ सालीं बाजारांत आली. त्या काळीं इंधनाचा पंप व नोझल हीं सर्वस्वी यांत्रिक होतीं, आणि दोष ओळखण्याचीं साधनें म्हणजे मिस्त्रीचे डोळे व कान. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा इंधन अधिक. निळा म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा म्हणजे बहुधा इंधन न जळतां बाहेर पडत आहे. इंजिन अडखळूं लागलें कीं मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करी. ज्या ठिकाणीं आवाजांत फरक पडत नसे, तोच सिलिंडर आजारी ठरे.

परंतु धुराबरोबर निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड अशा परीक्षेंत सांपडत नाहींत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. जड वाहनांच्या इंजिनांसाठीं या वायूंची मर्यादा दर किलोवॉट-तासास साडेतीन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याहि खालीं आली. ती पाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्यास धुराड्यांतच सेन्सर बसले. दोष दिसतांच दिवा लागतो, संकेतांक नोंदला जातो, व कांहीं दोषांकडे दुर्लक्ष झाल्यास गाडीची शक्ति आपोआप घटविली जाते. एकाच गाडीवर पोट असलेल्या मालकाची खेप तेथेंच बुडते.

अशा वेळीं घाईनें महाग भाग बदलले जातात. पण संकेतांक साक्षीदाराचें नांव सांगतो. अपराधी शोधावाच लागतो. काजळी अडविणाऱ्या फिल्टरच्या पुढचा व मागचा दाब दोन नळ्यांनीं सेन्सरपर्यंत पोहोंचतो. पुढची नळी चिरली, तर फरक कमी भरतो आणि धड असलेला फिल्टर फुटला असें यंत्रास वाटतें. म्हणून आधीं इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर आंकडा पाहावा. तो शून्य असला पाहिजे. नसेल, तर सेन्सर किंवा त्याचें वायरिंग संशयास्पद. शून्य असेल, तर नळ्या तपासाव्या, आणि फिल्टरला दोष सर्वांत शेवटीं द्यावा.

आजच्या इंजिनांत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक चढतो. चालूं इंजिनाचा नट ढिला केल्यास ती धार कातडी भेदून शरीरांत शिरते. म्हणून ती जुनी रीत आतां निषिद्ध आहे. तथापि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा त्या मिस्त्रीचा नियम स्कॅनर हातीं धरणाऱ्या तरुणानेंहि सोडूं नये.