पुलाची पुनर्बांधणी आणि लोकांची धास्ती : कोल्हापूरचा शिवाजी पूल, महाडची सावित्री व कुंडमळा यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्यातील बहुतेक नद्या वर्षाचे सात-आठ महिने पायी ओलांडता येतात. त्यामुळे या भागात पुलाची आठवण होते ती पावसाळ्यात. शिरूर अनंतपाळच्या परिसरातील घरणी असो की तिला पोटात घेणारी मांजरा असो, पाणी फरशीवरून वाहू लागले की गाव आणि बाजारपेठ, गाव आणि शाळा, गाव आणि दवाखाना यांचा संबंध तुटतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्याने हा अनुभव पुन्हा मोठ्या प्रमाणावर घेतला. पाणी ओसरल्यावर मात्र पुलाचा विषयही ओसरतो. उंच पुलाची मागणी करणारे अर्ज, ग्रामसभांचे ठराव आणि रास्ता रोको यांचा इतिहास अद्याप कोणी सलगपणे लिहिलेला नाही.

असा इतिहास लिहावयाचा झाल्यास प्रथम एक प्रश्न सोडवावा लागेल. जुना पूल धोक्याचा आहे, असे लोक वर्षानुवर्षे सांगत असताना तो बदलण्याचा निर्णय नेमका केव्हा होतो? मराठवाड्यातील गावपातळीवरील नोंदी विखुरलेल्या असल्यामुळे या प्रश्नासाठी प्रस्तुत निबंधात पश्चिम महाराष्ट्र व कोकण येथील तीन पुलांचा आधार घेतला आहे. त्यांच्याविषयीची माहिती सार्वजनिक चर्चेत पुरेशी आलेली आहे. त्यांपैकी कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा विचार विस्ताराने केला आहे, कारण तेथे लोकांची मागणी, शासनाची मान्यता आणि निधी या तिन्ही गोष्टी असूनही पूल अडला.

पंचगंगेवरील पूल आणि शेजारची टेकडी :

कोल्हापूर शहराच्या वायव्येस पंचगंगेवर असलेला शिवाजी पूल हा एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील दगडी कमानींचा पूल आहे. पन्हाळा, जोतिबा आणि पुढे रत्नागिरीकडे जाणारी वाहतूक याच पुलावरून होत आली. पलीकडच्या तीरावरील वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखली या गावांचे दूध, भाजी, विद्यार्थी आणि रुग्ण याच मार्गाने शहरात येतात. कोल्हापूरकरांच्या दृष्टीने हा पूल केवळ रस्त्याचा भाग नव्हे. पावसाळ्यात पाणी पाहावयास लोक येथेच जमतात. पुलाच्या खांबांवरील माशाच्या आकाराची खूण पाण्याखाली गेली की ‘मच्छिंद्री झाली’ असे म्हणण्याची रीत आहे. पूर किती आला, हे पूर्वीच्या पिढ्यांना फुटांच्या आकड्यापेक्षा या एका शब्दाने अधिक नेमके कळत असे.

बैलगाडी आणि घोडागाडी यांच्या काळातील या पुलाची रुंदी मालमोटारी व प्रवासी गाड्यांना अपुरी पडू लागली, हे स्वाभाविकच होते. म्हणून शेजारी पर्यायी पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. ते बरेचसे पूर्ण होत आले असताना २०१५ च्या अखेरीस थांबले. थांबण्याचे कारण निधीचा अभाव नव्हते, जमीनमालकांचा विरोधही नव्हता. कारण होते नदीकाठची ब्रह्मपुरी टेकडी.

ब्रह्मपुरीचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. ग. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन विटांच्या घरांची वसाहत उजेडात आली. याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचे भूषण ठरली आहे. पंचगंगेच्या काठावरील एका वसाहतीचा भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याशी अप्रत्यक्ष का होईना, व्यापारी संबंध होता, याचा तो पुरावा होय. ज्या स्थळाचे मोलच मुळी दूरच्या वाटांमुळे वाढले, त्याच्या संरक्षणासाठी दोन हजार वर्षांनी एक वाट अडावी, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

कायद्यातील ‘बांधकाम’ :

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा केंद्रीय अधिनियम १९५८ चा आहे. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरविले. २०१० च्या दुरुस्तीने ही क्षेत्रे अधिनियमातच समाविष्ट झाली. शिवाय प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक प्रकल्पालाही परवानगी देता येणार नाही, असा निर्बंध आला. त्यापूर्वी सार्वजनिक कामांच्या नावाखाली सवलतींचा जो सुळसुळाट झाला होता, त्याला आवर घालण्याचा हेतू त्यामागे होता. तो हेतू अनाठायी होता, असे म्हणता येणार नाही. देशातील कितीतरी स्मारके इमारतींच्या गराड्यात गुदमरलेली आहेत.

मात्र २०१० च्या दुरुस्तीतील ‘बांधकाम’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. अस्तित्वात असलेल्या वास्तूची पुनर्बांधणी, दुरुस्ती व नूतनीकरण ही कामे त्या व्याख्येत येत नाहीत, त्यांच्यासाठी परवानगीचा वेगळा मार्ग आहे. गटारे, सार्वजनिक शौचालये, पाणीपुरवठा, वीजपुरवठा आणि लोकांसाठीच्या तत्सम सुविधा याही व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. रस्ता किंवा पूल यांचा तेथे नामनिर्देश नाही. ‘तत्सम सुविधा’ या शब्दांत पूल बसवावा काय, असा विचार वकिली बुद्धीला सुचू शकेल, परंतु सार्वजनिक प्रकल्पांवरील स्पष्ट निर्बंध समोर असताना कोणताही अधिकारी स्वतःच्या सहीने ते धाडस करणार नाही.

येथे एक विसंगती निर्माण होते आणि कोल्हापूरच्या प्रकरणाचे मर्म तिच्यातच आहे. जुना पूल पाडून त्याच जागी तो पुन्हा बांधला असता, तर निदान कायद्याच्या भाषेत ती पुनर्बांधणी ठरण्यास वाव होता. पण तसे केल्यास सुमारे १४० वर्षांची दगडी वास्तू नष्ट झाली असती आणि काम चालू असेपर्यंत पलीकडची गावे तुटली असती. जुनी वास्तू राखून शेजारी नवी उभारणे हा वारशाच्या दृष्टीने अधिक समंजस मार्ग होता. कायद्याने नेमका तोच ‘नवे बांधकाम’ म्हणून अडविला. टेकडीला संरक्षण मिळाले, परंतु पुलाचे काय आणि पुलावरून जाणाऱ्यांचे काय, याचा विचार त्या तरतुदीत कोठेच नव्हता.

आंदोलन आणि अपघात :

काम थांबल्यावर कोल्हापुरात सर्वपक्षीय कृती समितीच्या माध्यमातून निवेदने, मोर्चे, आंदोलने झाली. शहरांतर्गत टोलविरुद्ध अनेक वर्षे लढून टोल रद्द करून घेतल्याचा अनुभव या शहराच्या गाठीशी नुकताच जमा झालेला होता. पण टोलच्या वेळी समोर राज्यशासन होते. येथे अडथळा संसदेच्या अधिनियमात होता, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयावरील मोर्चाला मिळणारे उत्तर ठरलेले असे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अधिनियमात दुरुस्ती करण्यास संमती दिली. केंद्र शासनाच्या अत्यावश्यक सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात मुभा देणारे विधेयक लोकसभेने २ जानेवारी २०१८ रोजी मंजूर केले.

त्यानंतर चोवीस दिवसांनी, २६ जानेवारी २०१८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा जणांचा मृत्यू झाला. मृतांत लहान मुलेही होती.

या घटनेचा अर्थ लावताना इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. पूल कोसळला नव्हता. कमानी शाबूत होत्या. वाहनावरील ताबा सुटला आणि जुन्या कठड्याने वाहन अडविले नाही, एवढेच तेथे घडले. त्यामुळे ‘पूल जीर्ण झाल्याचे सिद्ध झाले’ असा जो सूर त्या वेळी उमटला, तो काटेकोर नव्हता. मात्र पर्यायी पूल वेळेत पूर्ण झाला असता तर ती मिनीबस रुंद रस्त्यावरून, भक्कम कठड्यांमधून गेली असती, हे विधान नाकारता येत नाही. लोकांच्या संतापाचा आधार हा होता, आणि तो रास्त होता.

विधेयकाची वाट मात्र याने मोकळी झाली नाही. ज्या सवलतीने कोल्हापूरचा पूल सुटणार, तीच सवलत देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक केंद्र-संरक्षित स्थळांना लागू होणार होती. इतिहासकार व पुरातत्त्वज्ञ यांच्या आक्षेपाचे हे कारण होते. जुलै २०१८ मध्ये राज्यसभेने विधेयक प्रवर समितीकडे सोपविले. दरम्यान कोल्हापुरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा आधार घेऊन काम पूर्ण करण्याचा विचार पुढे आला. वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्यासाठी ‘आपत्ती’चा कायदा शोधावा लागावा, यावरून प्रशासनाची कोंडी लक्षात येते. अखेर काम पुन्हा सुरू झाले आणि २०१९ मध्ये पर्यायी पूल वाहतुकीस खुला झाला.

सावित्री आणि कुंडमळा :

याच्या अगदी उलट चित्र महाडजवळ दिसते. मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवर १९२८ मधील एक दगडी पूल होता. शेजारी नवा पूल झालेला असूनही मुंबईकडे जाणारी वाहने जुन्यावरूनच सोडली जात. मे २०१६ मधील तपासणीत तो वाहतुकीस योग्य असल्याचे आढळले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या लोंढ्यात तो वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. बस व एक खासगी मोटार त्याबरोबर गेली. सुमारे चाळीस माणसे प्राणास मुकली. यानंतर नव्या पुलाचे बांधकाम १६५ दिवसांत पूर्ण झाले आणि ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दुर्घटनेपासून दहा महिन्यांत पूल उभा राहिला. त्याच दहा महिन्यांत कोल्हापूरचा अर्धवट पूल जेथल्या तेथे होता.

हा फरक केवळ पुरातत्त्वीय कायद्यामुळे पडला, असे मानणे अपुरे ठरेल. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवर सुमारे तीन दशकांपूर्वीचा लोखंडी साकव होता. तेथे टेकडी नव्हती, संरक्षित स्थळ नव्हते. नव्या पुलाची मागणी स्थानिक लोक सातत्याने करीत होते. धोक्याचा फलकही लावलेला होता. आठ कोटी रुपयांच्या नव्या पुलास मान्यता मिळाली आणि कार्यादेश निघाला तो जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीच्या भाराने साकव कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले.

तिन्ही घटना एकत्र पाहिल्यास असे दिसते की, पडलेल्या पुलाला प्राधान्य मिळते, उभ्या असलेल्या पुलाला मिळत नाही. जुना पूल जोवर उभा आहे तोवर त्याचे उभे असणे हाच तो सुरक्षित असल्याचा पुरावा मानला जातो. लोकांची भीती मात्र अर्जाच्या रूपाने आवक-जावक नोंदवहीत पडून राहते. तपासणीचा अहवाल खांब आणि कमानी पाहतो. पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर पायी चालणाऱ्याने कोठे उभे राहावे, कठडा किती उंच आहे, पुलावर पाणी आले तर बाळंतिणीला कोणत्या वाटेने न्यावे, हे प्रश्न त्या अहवालाच्या कक्षेत येत नाहीत. ते रोज पूल ओलांडणाऱ्यांनाच पडतात.

नव्या पुलानंतरचे प्रश्न :

कोल्हापूरला नवा पूल मिळाल्यानंतर दोनच महिन्यांच्या आसपास, ऑगस्ट २०१९ मध्ये, पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली आणि आंबेवाडी पाण्याने वेढली आणि तेथील लोकांना बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. पूल दोन असले तरी पुलापर्यंत पोहोचणारा रस्ताच पाण्याखाली असेल तर उपयोग नाही, हे ध्यानी आले. रस्त्यांचे मातीचे भराव पुराच्या पाण्याला बांधासारखे अडवितात, त्याऐवजी खांबांवर रस्ता न्यावा, अशी मागणी जोर धरू लागली. ‘पूल द्या’ या मागणीचे रूपांतर अशा रीतीने ‘नदीला वाट द्या’ या मागणीत झाले. चळवळीच्या इतिहासात हे वळण महत्त्वाचे आहे, कारण त्यात रहिवाशांनी अभियंत्यांच्या क्षेत्रातील प्रश्न स्वतःच्या अनुभवावरून मांडला.

मांजरा आणि घरणीच्या खोऱ्यातही पुलांची उंची वाढविताना जोडरस्त्यांच्या भरावाचा प्रश्न याच स्वरूपात उभा राहतो. भरावामुळे वरच्या बाजूच्या शेतात पाणी किती दिवस तुंबते, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते, अंदाजपत्रकात मात्र त्याला रकाना नसतो. कोल्हापूरकरांकडे निदान ‘मच्छिंद्री’ होती. आपल्याकडील गावांतही महादेवाच्या पायरीपर्यंत, वेशीच्या दगडापर्यंत किंवा एखाद्या चिंचेच्या बुंध्यापर्यंत पाणी आल्याच्या खुणा वृद्ध माणसे दाखवितात. त्या खुणा सालवार नोंदविल्या गेल्या, तर पुढच्या पुलाची उंची ठरविताना त्या कागद म्हणून समोर ठेवता येतील.