शून्य क्रमांकाची सत्ता

माझ्या घरच्या संगणकावर जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन प्रतींचा एक शोधकोश चालतो. एका सकाळी तो बंद आढळला. बिघाड काहीच नव्हता. रात्री मी लॉगआउट केले होते, एवढेच. त्या 'एवढेच'चा माग काढत मी १९७९ सालापर्यंत जाऊन पोहोचलो.

युनिक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे 'रूट'. तो कुणाचीही फाइल वाचू शकतो, कुणाचाही प्रोग्राम बंद पाडू शकतो. १९७९च्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आले. ते प्रोग्रामला फाइलींच्या झाडाची एकच फांदी दाखवी. पण रूटला तिथून निसटणे अवघड नव्हते. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणले, ते पुष्कळच भक्कम. लिनक्समधले निर्णायक पाऊल फेब्रुवारी २०१३चे. कर्नल ३.८पासून साध्या वापरकर्त्यालाही स्वतःची 'यूजर नेमस्पेस' उभारता येऊ लागली. आत तो शून्य क्रमांकाचा, बाहेर मात्र हजार क्रमांकाचा, रयतेतलाच. बहुरूप्याने राजाचे सोंग आणले म्हणून गावचा सारा काही त्याच्याकडे जमा होत नाही, तसे.

गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात डॉकर जगापुढे आले आणि त्याने कंटेनर सर्वदूर नेले ते रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका कायमच्या कारभाऱ्यामार्फत! त्या कारभाऱ्याला हुकूम देण्याची मुभा ज्याला, त्याच्या हाती सगळे यंत्र. फेब्रुवारी २०१९मध्ये 'रनसी'तला दोष उघड झाला: कंटेनरमधला रूट यजमान यंत्रावरची रनसीची फाइलच बदलू शकत होता. नेमस्पेस नीट लावलेली असेल तर हा घाव बसत नसे. रूटविना कंटेनर चालवण्याचा आग्रह मला पटला तो इथे.

पॉडमनने कारभारीच काढून टाकला. मग कंटेनरला उठवायचे कोणी? ते काम २०१०पासूनच्या 'सिस्टिमडी'कडे आले. तो प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळा व्यवस्थापक चालवतो. २०२३च्या पॉडमन ४.४मध्ये 'क्वाडलेट' आल्यापासून दहा-बारा ओळींची फाइल लिहिली की सर्व्हिस तयार. मात्र वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपले की त्याचा व्यवस्थापकही आवरते घेतो. 'लिंगर', म्हणजे रेंगाळण्याची परवानगी, दिली तरच तो यंत्राबरोबर उठतो आणि माणूस नसतानाही थांबतो.

ती मी दिली नव्हती. आता दिली आहे. कोश माझ्याच खात्याच्या अधिकारात चालतो. उद्या कुणी त्यातून बाहेर फुटलाच, तर यंत्र वाचेल, पण माझे स्कॅन त्याच्या हाती लागतील. म्हणून त्यांची एक प्रत कपाटातल्या डिस्कवर ठेवली आहे.