प्रोबायोटिक पेये व प्रौढांचा मलावरोध

आरोग्याला उपकारक असे जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा संख्येने ज्यांत असतात, अशी पेये. बहुतेक आंबवलेल्या दुधापासून करतात. प्रोबायोटिकची आज रूढ असलेली व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये ठरवली. प्रौढांच्या मलावरोधात ही पेये पूरक उपाय म्हणून घेतात. ती रेचके नव्हेत.

मलावरोध : आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मळ खड्यांसारखा कठीण असणे, पोट साफ न झाल्याची भावना राहणे ही प्रमुख लक्षणे. पचनविकारांच्या निदानासाठीच्या 2016 च्या ‘रोम 4’ निकषांनुसार अशी दोन वा अधिक लक्षणे तीन महिने टिकली आणि त्यांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असली, तर तो जुनाट मलावरोध होय. कमी पाणी, कोंडा काढलेले अन्न, बैठे काम, शौचाची भावना दाबणे ही नेहमीची कारणे. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, मधुमेह व थायरॉइडची मंदावलेली क्रिया यांमुळेही तो होतो.

इतिहास : आंबवलेल्या दुधातील जिवाणूंचा आरोग्याशी संबंध जोडणारी मांडणी ईल्या मेच्निकॉव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केली; 1908 चे नोबेल मात्र त्याला प्रतिकारक्षमतेवरील संशोधनासाठी मिळाले. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूचा एक वाण वेगळा केला व 1935 मध्ये त्यापासून ‘याकुल्ट’ बाजारात आले. भारतात मिळणाऱ्या त्याच्या 65 मिलिलिटरच्या बाटलीत या वाणाचे 650 कोटी जिवाणू असल्याचे उत्पादक सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

कार्य : मोठ्या आतड्यातील जिवाणू न पचलेल्या तंतूंवर जगतात व लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. त्यामुळे आतड्यातील आम्लता वाढते व आतड्याच्या हालचालींना चालना मिळते. तंतूच नसतील, तर जिवाणूंना खाद्य उरत नाही. म्हणून नुसत्या पेयाचा उपयोग मर्यादित राहतो.

पुरावा : 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट मलावरोधाच्या 70 रुग्णांना चार आठवडे रोज 65 मिलिलिटर, याकुल्टमधील शिरोता वाणाचे किंवा तसेच दिसणारे जिवाणूविरहित पेय दिले. जिवाणूयुक्त पेय घेणाऱ्यांत त्रासाची तीव्रता अधिक घटली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 2014 मध्ये 14 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला. प्रोबायोटिकांमुळे शौचाच्या फेऱ्या आठवड्याला सरासरी 1.3 ने वाढल्या आणि अन्न आतड्यातून पुढे सरकण्याचा काळ सुमारे 12 तासांनी घटला. बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जिवाणूमुळे फेऱ्या वाढल्या, शिरोता वाणामुळे मात्र वाढलेल्या दिसल्या नाहीत. गुण वाणाचा असतो. ‘प्रोबायोटिक’ या नावाचा नव्हे.

ताक : मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर तसेच खानदेश व विदर्भातील जेवणात ताकाचे स्थान जुने आहे. कोमट दुधात विरजण लावून दही लागले, की पाणी घालून रवीने घुसळतात. लोणी काढल्यावर उरते ते ताक. त्यात जिवंत जिवाणू असतात, पण वाण व संख्या दर घरी, दर दिवशी वेगळी असते. म्हणून ताक हे आंबवलेले सकस अन्न आहे, काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक नव्हे. कढी उकळली, की जिवाणू मरतात. आयुर्वेदात ताकाला ‘ग्राही’, म्हणजे मळ बांधणारे म्हटले आहे. चरकसंहितेत त्याची थोरवी मूळव्याध व ग्रहणी (पचन बिघडून वारंवार जुलाब होणे) या विकारांत सांगितली आहे. ‘ताकाने पोट साफ होते’ या समजुतीला ग्रंथांचा सरसकट आधार नाही.

बुऱ्हाणपूर परिसर : तापीकाठच्या या शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व सैफिया हमिदिया युनानी महाविद्यालय आहे. युनानी वैद्यकात ‘कब्ज’वर इसबगोल, गुलकंद, अंजीर वापरतात. इसबगोल मध्य प्रदेशातच, नीमच-मंदसौर भागात पिकतो, आणि जुनाट मलावरोधात त्याला आधुनिक वैद्यकाचाही पाठिंबा आहे. मात्र तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या व जिल्ह्यात पिकणारी केळी यांतून तंतू मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या 2016 च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला हे जिवाणू विपुल आढळले; वनस्पतिजन्य आहाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. याकुल्टसारखी पेये 10 अंशांखाली ठेवावी लागतात, म्हणून फ्रीजबाहेर मांडलेली बाटली घेऊ नये. लेबलावर वाणाचे पूर्ण नाव, जिवाणूंची संख्या, मुदत व साखर पाहावी.

दक्षता : प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा गंभीर आजारी व्यक्तींनी डॉक्टरांना विचारूनच ही पेये घ्यावीत. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ताकात मीठ बेताने घालावे. शौचातून रक्त, घटते वजन, पांडुरोग, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला मलावरोध, पोट फुगून उलट्या यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. एरवी पाणी, तंतुमय आहार व चालणे हाच पहिला उपचार होय. प्रोबायोटिक पेय त्याच्या जोडीला चार आठवडे घेऊन पाहावे आणि फरक न पडल्यास बंद करावे.